नादाराची मिळकत आणि न्यायालयाची नजर



काल याच मांडवात संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या हिमालयातील प्रवासावर आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आमचे हे दिवाळ्याचे आख्यान आले आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'नादाराच्या मिळकतीचा कारभार' असे कळविले. त्यावर त्यांनी मोठ्या अदबीने सुचविले, की त्यापेक्षा कामगार चळवळीतील आठवणी सांगाव्यात, लोकांना आवडतील. आम्ही म्हटले, आमच्या निम्म्या आठवणी याच आहेत. संप आणि मोर्चे यांत आमची जेवढी वर्षे गेली, त्याहून अधिक वर्षे बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागे कोर्टाच्या व्हरांड्यात गेली. आमची शाळा नववीला सुटली. कायदा म्हणून जो काही आम्हांस येतो, तो त्या व्हरांड्यातील बाकावर बसून, दुसऱ्यांचे निकाल वाचून आणि वकीलमंडळींना नको तितके प्रश्न विचारून आलेला आहे. तेव्हा येथे बसलेल्या वकिलांनी एखादा शब्द चुकला तर पोटात घालावा.

विषय अगदीच परका आहे असेही नव्हे. ही वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात 1८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आणि तेच रानडे पुढे १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याखाली कर्जाच्या दाव्यांची तपासणी करीत पुणे-सातारा भागात फिरले. ऋणको आणि धनको यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस सरळ आहे की नाही, हे कोणी तरी पाहिले पाहिजे, ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती.

कारखान्याला कोर्टाचे कुलूप लागते तो दिवस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. बेलिफ येतो, पंचनामा होतो, कुलपावर कापड गुंडाळून लाख ओततात आणि तीवर शिक्का उठवतात. आमच्या कारखान्यावर तो शिक्का उठला तेव्हा आमच्यातील एका म्हाताऱ्या फिटरने, आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू, हात जोडले. "आता काळजी नाही रे," ते म्हणाले, "मालकाच्या हातातून सुटले, कोर्टाच्या हातात गेले." आम्हांसही तेव्हा तसेच वाटले होते. कोर्टाच्या हातात म्हणजे नेमके कोणाच्या हातात, हे समजायला आम्हांस पाच वर्षे लागली.

न्यायाधीश काही किल्ली खिशात घालून हिंडत नाही. तो एक माणूस नेमतो किंवा कायद्याने आधीच नेमलेल्या माणसाकडे मिळकत सोपवितो. व्यक्तीचे दिवाळे निघाले तर मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत १९०९ च्या कायद्याने तो ऑफिशियल असायनी झाला, इतरत्र १९२० च्या कायद्याने रिसीव्हर. कंपनीचे दिवाळे निघाले की लिक्विडेटर; सरकारी मराठीत त्यास अवसायक म्हणतात, आणि पतसंस्था बुडालेल्या गावांत हा शब्द आता बायाबापड्यांनाही पाठ झाला आहे. इंग्लंड-अमेरिकेत नादार व्यक्तीच्या मिळकतीवर येणाऱ्या या माणसाला ट्रस्टी म्हणजे विश्वस्त म्हणतात, आणि आमच्या मते सर्वांत खरे नाव तेच. नावे पुष्कळ, काम एक : दुसऱ्याचा माल ताब्यात घ्यायचा, सांभाळायचा, विकायचा, आणि येणे असणाऱ्यांना कायद्याच्या क्रमाने वाटायचा. अज्ञान मुलाची इस्टेट चुलत्याने सांभाळावी तसे. आणि चुलत्यांच्या कारभाराच्या कथा आपल्या प्रत्येक वाड्यात आहेतच.

त्यामुळे कायद्याने पहिल्यापासून एक दार ठेवले. १९०९ च्या कायद्याचे ८६ वे कलम आणि १९२० च्या कायद्याचे ६८ वे कलम पाहा. नादार स्वतः, त्याचा कोणी धनको, किंवा अन्य कोणीही मनुष्य त्या अधिकाऱ्याच्या एखाद्या कृतीने वा निर्णयाने दुखावला गेला असेल, तर त्याने न्यायालयाकडे जावे. न्यायालय तो निर्णय कायम करील, फिरवील किंवा बदलील. १९५६ च्या कंपनी कायद्यात ४६० व्या कलमात लिक्विडेटरविषयी हेच सांगितले. इंग्लंडच्या १९८६ च्या कायद्याचे ३०३ वे कलम वाचले तर भाषा सख्ख्या भावासारखी दिसते. श्रोतेहो, यातील 'अन्य कोणीही मनुष्य' हे शब्द आम्हांस फार प्रिय आहेत. टर्नर, फिटर, हमाल, झाडूवाली, सारे त्यांत बसतात. पण शेजारीच एक अट असते, ती कोणी मोठ्याने वाचत नाही. १९२० च्या कायद्यात ती एकवीस दिवसांची आहे. बाविसाव्या दिवशी कितीही खरी तक्रार घेऊन गेलात, तरी दार लागलेले.

आता आमच्या कारखान्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. मालक गेले, मुले निराळ्या धंद्यांत आहेत, आणि ज्या अधिकाऱ्याविषयी बोलायचे आहे तेही निवृत्त झाले. यंत्रांचे सुटे भाग करणारा तो कारखाना, कामगार चारशे बारा. आम्ही तेथे टर्नर होतो. १९९८ साली तो गुंडाळण्याचा हुकूम झाला आणि लाखेचे कुलूप लागले. पुढची पाच वर्षे आम्ही दर महिन्याला लिक्विडेटरच्या कार्यालयात जात होतो, साहेब बसा म्हणत होते, काम चालू आहे म्हणत होते, आणि आम्ही परत येऊन गेटवर सभा घेऊन काम चालू आहे असे सांगत होतो. १९५६ च्या कायद्यात ४६२ वे कलम होते. लिक्विडेटरने वर्षातून किमान दोनदा आपला जमाखर्च न्यायालयास सादर करावा, त्याची तपासणी व्हावी, आणि ती प्रत कोणाही धनकोला पाहायला खुली असावी, असे त्यात सांगितलेले होते. म्हणजे दहा वेळा तो हिशेब कोर्टात जाऊन पडला होता. कामगार हा पगाराचा धनको. आम्ही चारशे बारा धनको होतो. एकानेही तो उघडून पाहिला नव्हता. घोषणा आम्हांस येत होत्या, तेरीज वाचता येत नव्हती.

ती वाचायला शिकविली एका निवृत्त पोस्टमास्तरांनी. त्यांचा मुलगा आमच्यात होता. ते आमच्याबरोबर आले, चष्मा लावून दोन दिवस नोंदवहीच्या खोलीत बसले आणि तिसऱ्या दिवशी दोन ओळींवर बोट ठेवले. एक जमेच्या बाजूची : 'जुने लोखंडी सामान, अंदाजे चाळीस टन, विक्रीस प्रस्तावित'. दुसरी खर्चाच्या बाजूची : 'पहारा, बारा इसम'.

चाळीस टन जुने लोखंड म्हणजे काय, हे अण्णांनी ओळखले. त्यात आमची मोठी बोरिंग यंत्रे होती. मूल्यांकन करणाराने बंद शेडमध्ये बॅटरीच्या उजेडात गंज पाहिला आणि वजनावर भाव काढला. अण्णा म्हणाले, "त्यांना रॉकेलने पुसा, तेल घाला, उद्या चालू होतील." आम्ही अर्ज केला. आम्हांस वाटले, एवढे सांगितले की न्यायमूर्ती संतापून विक्री रद्द करतील. न्यायमूर्तींनी अर्ज शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, किंमत कमी आहे म्हणता, मग जास्त देणारा कोठे आहे? आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळ चारशे बारा सह्या होत्या.

तो प्रश्न आम्हांस तेव्हा निर्दय वाटला. आज तसे वाटत नाही. न्यायालय हे दुकान नव्हे. लिक्विडेटरने अमुक दिवशी विकले, तमक्या दिवशी विकले असते तर दोन पैसे जास्त आले असते, असल्या तक्रारींत न्यायाधीश पडू लागला तर कोणताही लिक्विडेटर काहीच विकणार नाही. इंग्लिश न्यायालयांनी तर ही रेघ फार वर ओढली आहे. कोणताही समंजस माणूस करणार नाही इतके अविचाराचे कृत्य असेल, किंवा मनात खोट असेल, तरच आम्ही हात घालू, असे ती म्हणत आली. ती रेघ जरा जास्तच वर आहे असे आमचे मत आहे. पण रेघ हवी, यात शंका नाही. किल्ली हातात असलेला माणूस प्रत्येक तक्रारीला भिऊ लागला की तो किल्ली खिशात ठेवून स्वस्थ बसतो. आणि स्वस्थ बसण्याचाही खर्च असतो, त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

मात्र विक्रीच्या किमतीविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने थोडी निराळी वाट घेतली, ती कामगारांच्या उपयोगाची आहे. १९६९ साली नवलखा आणि सन्स यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की लिक्विडेशनमधील मालाच्या विक्रीला न्यायालयाची मान्यता लागते ती शोभेपुरती नव्हे. लबाडी झालेली नसेल, लिलावात काही वावगे घडलेले नसेल, तरीही आलेली किंमत वाजवी आहे की नाही याची खातरजमा करणे हे न्यायालयाचे काम आहे. कारण ज्यांचे पैसे यायचे आहेत ते बहुतेक त्या खोलीत हजरच नसतात. आमच्या वकिलांनी हा निकाल पुढे केला आणि न्यायमूर्तींनी आम्हांस तीन आठवडे दिले. गिऱ्हाईक आणा आणि त्याचा इसारा कोर्टात भरा, मग बोलू.

ते तीन आठवडे आम्ही मोर्चाच्या काळातही धावलो नाही इतके धावलो. भंगारवाले भेटले, पण त्यांचे आपसांत ठरलेले होते. शेवटी दोन लहान वर्कशॉपवाले मिळाले. त्यांना अशी यंत्रे हवी होती, एकट्याची ऐपत नव्हती, आणि एकमेकांवर विश्वास नव्हता. त्या दोघांना एका टेबलाशी बसविणे हे आमच्या आयुष्यातील सर्वांत अवघड समझोत्याचे काम. त्यांनी ड्राफ्ट भरला. न्यायमूर्तींच्या समोर फेरलिलाव झाला, भंगारवालेही आले, आणि ज्या मालाला लोखंडाचा भाव आला होता त्याला जवळजवळ अडीचपट किंमत आली. अण्णा त्या दिवशी कोर्टात होते. लिलाव संपल्यावर ते आनंदात असतील म्हणून आम्ही वळून पाहिले, तर ते डोळे पुसत होते. ज्या यंत्रावर त्यांनी एकवीस वर्षे काम केले ते गेले, एवढेच त्यांना कळले होते.

आता ती दुसरी ओळ, पहाऱ्याचे बारा इसम. आम्हा सर्वांना ठाऊक होते की गेटवर चौघांच्या वर माणसे कधी नसत. पण ठाऊक असणे निराळे आणि कोर्टात दाखविणे निराळे. गेटसमोर एका मामांची चहाची टपरी होती. पहारेकरी उधारीवर चहा पीत, आणि मामा उधारी एका लाल वहीत लिहून ठेवीत : तारीख, नाव, किती कप. मामांनी ती वही आम्हांस दिली नाही. "माझे पैसे अजून यायचेत तिच्यातून," ते म्हणाले, आणि स्वतः वही काखेत मारून कोर्टात आले. साडेतीन वर्षांच्या त्या वहीत एका दिवसाला पाचापेक्षा जास्त नावे कोठेच नव्हती. समोरच्या वकिलांनी विचारले, बाकीचे चहा पीत नसतील कशावरून? कोर्टात हशा पिकला, आम्हीही हसलो. पण न्यायमूर्तींनी पहारा पुरविणाऱ्या ठेकेदाराचे हजेरीपट मागविले, आणि बारा जणांच्या सह्या एकाच वळणाच्या निघाल्या. हिशेबतपासनिसाकडे प्रकरण गेले. पुढे बिलाचा मोठा भाग नामंजूर झाला आणि तो ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हुकूम झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या लिक्विडेटरसाहेबांनी त्यातला एक पैसा खाल्ला नव्हता. आम्ही गेटसभेत त्यांना चोर म्हटले, ते चुकले. त्यांच्याकडे शेकडो कंपन्यांचे काम होते. बिल आले, शिक्का पाहिला, सही केली. मग त्यांचा दोष काय? हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत होता. त्याचे उत्तर आम्हांस एका अमेरिकन निकालात मिळाले. मॉसर विरुद्ध डॅरो, १९५१. डॅरो हा दिवाळ्यात निघालेल्या दोन संस्थांवर न्यायालयाने नेमलेला विश्वस्त. त्याला कामात तरबेज अशी दोन माणसे हवी होती. त्या दोघांनी अट घातली, की या संस्थांच्या हाताखालच्या कंपन्यांच्या रोख्यांत आम्ही स्वतःचाही व्यवहार करीत राहू. डॅरोने ती मान्य केली. त्यांनी व्यवहार केले, नफा कमावला, काही रोखे तर खुद्द या विश्वस्तालाच विकले. डॅरोने स्वतः काही घेतले नव्हते. मिळकतीच्या भल्यासाठीच आपण हे केले असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी निकाल लिहिला आणि तो नफा डॅरोच्या स्वतःच्या डोक्यावर बसविला. विश्वस्ताने स्वतः जे करता कामा नये, ते त्याने हाताखालच्यांना करू दिले तर भरपाई त्यानेच करावी. त्याच्या खिशात काही गेले नाही, ही सबब चालणार नाही. न्यायमूर्ती ब्लॅक यांचे मत विरुद्ध पडले. स्वच्छ माणसाला एवढा दंड त्यांना कठोर वाटला. आम्ही दोन्ही बाजू वाचल्या आणि आमचे मन जॅक्सनकडे झुकले. साहेब स्वच्छ होते याने चारशे बारा घरांची चूल पेटत नव्हती. आमच्या न्यायालयाने मात्र साहेबांवर काही बसविले नाही. पुढील प्रत्येक बिल प्रत्यक्ष पाहणीच्या दाखल्यानिशी मंजूर व्हावे, एवढे बजावले. ते पुरेसे होते असे आम्हांस आजही वाटत नाही, पण त्यानंतर गेटवर चौघांचेच बिल येऊ लागले.

आणखी एक लहानशी गोष्ट आहे, रकमेने अगदीच लहान. कारखान्याच्या तिजोरीत एक पत्र्याची पेटी होती. कामगार दर पगाराला काही रुपये टाकीत; कोणी मेले तर त्या पेटीतून तिरडीचा आणि दिवसांचा खर्च होई. कुलूप लागले तेव्हा तीही आत राहिली, आणि तिजोरीतले सारे कंपनीचे म्हणून यादीत चढली. आम्ही मागायला गेलो तर कार्यालय म्हणाले, पावती दाखवा. मयताच्या पेटीची पावती कोण ठेवतो?

याही बाबतीत एक जुना इंग्लिश निकाल आहे, १८७४ चा. तेथे अर्जदाराचे नाव जेम्स आणि न्यायमूर्तींचे नावही जेम्स, त्यामुळे प्रथम वाचताना आमचा पुष्कळ गोंधळ झाला. अर्जदार जेम्सने कायद्याच्या चुकीच्या समजुतीने काही पैसे दिवाळ्याच्या विश्वस्ताला देऊन टाकले होते. पुढे कळले की ते त्याने द्यावयाचे नव्हतेच. तेव्हाचा कायदा असा, की कायदा समजण्यात चूक करून दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. दुसऱ्या कोणापाशी ते असते तर जेम्स हरलाच असता. पण न्यायमूर्ती जेम्स म्हणाले, की हा विश्वस्त न्यायालयाचा अधिकारी आहे. केवळ कायद्याच्या आडोशाने दुसऱ्याचे पैसे दाबून ठेवणे न्यायालयाच्या माणसाला शोभत नाही. जगातील इतर प्रामाणिक माणसे वागतात तितपत तरी न्यायालयाने वागले पाहिजे. पैसे परत करविले. आमच्या वकिलांना हा निकाल आमच्या प्रकरणाला तंतोतंत लागू वाटेना, आणि ते बरोबरच होते. पण पेटीबरोबरच्या वहीत चाळीस वर्षांच्या मयतांची नावे आणि दिलेल्या रकमा होत्या, आणि न्यायमूर्तींनी ती वही स्वतः चाळली. पेटी आम्हांस परत मिळाली. तिचा पहिला खर्च अण्णांसाठी झाला.

येथवर ऐकून आपणांस वाटेल, की ही विजयाची कथा आहे. तशी ती नाही. यंत्रे विकली गेली, तरी खरी मिळकत होती ती जमीन. तिच्या विक्रीला आम्ही विरोध केला. कारखाना पुन्हा सुरू होईल, अशी आशा होती. एक भांडवलवाला येऊन कागदी योजना दाखवून गेला होता, त्याच्यावर आमचा विश्वास बसला. प्रत्येक वेळी विक्रीला तहकुबी मिळाली की आम्ही गेटवर गुलाल उधळीत असू. असे पाच वर्षे चालले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या लोअर परळ येथील श्रीनिवास मिलच्या प्रकरणात सांगितले, की गुंडाळल्या गेलेल्या कंपनीविषयी कोणी योजना घेऊन आला, तर खरोखर कंपनी उभी करण्याचा हेतू आहे की केवळ जमिनीचा व्यवहार साधायचा आहे, हे न्यायालयाने पाहिले पाहिजे. श्रीनिवास मिलच्या जागेवर आज आभाळाला भिडणारे मनोरे उभे आहेत, ते आपण पाहिलेच असतील. आम्ही तो निकाल वाचला आणि आमच्या भांडवलवाल्याची योजना पुन्हा काढून पाहिली. तीत यंत्रांचा एक शब्द नव्हता. पानेच्या पाने जमिनीविषयी होती. पाच वर्षांत ती आम्ही एकदाही शेवटपर्यंत वाचली नव्हती.

जमीन २००८ साली विकली गेली. तोवर पाच वर्षांचा पहारा, पालिकेचा कर, विजेची थकबाकी, वकिलांची फी, सारे मिळकतीतूनच गेले होते, आणि हा खर्च वाटपाच्या आधी निघतो. पोस्टमास्तर तेव्हा हयात नव्हते. आम्हीच तेरीज काढली. बनावट पहारेकऱ्यांनी जेवढे खाल्ले, त्याहून आमच्या तहकुब्यांनी जास्त खाल्ले होते. आणि त्या पाच वर्षांत आमच्यातील अठ्ठावन्न माणसे गेली. त्या खर्चाविरुद्ध अर्ज कोणी आणि कोणाविरुद्ध करावयाचा? ४६० व्या कलमात त्याची सोय नव्हती.

कामगाराला या वाटपात जागा तरी कशी मिळाली, हे थोडक्यात सांगतो, कारण ती कोणी बसल्या जागी दिलेली नाही. पूर्वी तारणवाला धनको, म्हणजे बहुधा बँक, आपले तारण घेऊन बाजूला होई. उरलेल्यातून कामगाराला चार महिन्यांच्या पगारापुरते अग्रक्रमाने मिळे, आणि त्यालाही रकमेची कमाल मर्यादा होती. कंपनी गुंडाळावी की नाही याच्या सुनावणीत कामगाराला उभेही राहता येत नसे. १९८२ च्या डिसेंबरात नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरविले, की कामगारांनाही म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. मुंबईतील गिरणी संपाचे ते वर्ष. १९८५ साली कायद्यात ५२९-अ हे कलम घातले गेले आणि कामगारांचे येणे तारणवाल्यांच्या बरोबरीला आले. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने बरोबरी ठेवली, पण आदल्या चोवीस महिन्यांच्या येण्यापुरती. ती मर्यादा अन्यायाची आहे म्हणून संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २ मे २०२३ रोजी मोझर बेअरच्या प्रकरणात त्यांचे म्हणणे फेटाळले गेले. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीच्या निधीत जे असेल ते मात्र संहितेने मिळकतीच्या बाहेर ठेवले आहे, ही मोठीच गोष्ट. नवा लिक्विडेटर हा सरकारी नोकर नसून नोंदणी झालेला खासगी व्यावसायिक असतो, आणि २०१६ च्या विनियमांत त्याची फी अशी बांधली, की जितका वेळ जास्त तितका दर कमी. ही युक्ती आम्हांस पसंत आहे. आमच्या साहेबांना अशी फी असती तर जुने लोखंड पाच वर्षे शेडमध्ये पडून राहिले नसते, घाईने मात्र कदाचित त्याहून स्वस्त गेले असते. एक गोष्ट खटकते. संहिता झाली तेव्हा लिक्विडेटरच्या निर्णयाविरुद्ध अपिलाचे ४२ वे कलम आले, ते धनकोपुरते, दावा अमान्य करण्यापुरते, आणि चौदा दिवसांचे. न्यायाधिकरणाकडे जाण्याची दुसरी वाट आहे, नाही असे नाही. पण 'अन्य कोणीही मनुष्य' हे आमचे आवडते शब्द त्या कलमात नाहीत.

आमच्या कारखान्याचे वाटप २०११ साली झाले. रुपयाला एक्केचाळीस पैसे पडले. रकमा धनाकर्षाने निघाल्या, नोंदलेल्या पत्त्यांवर गेल्या, आणि त्यांतील पुष्कळ परत आल्या. माणसे गावी गेली होती, चाळी पाडल्या गेल्या होत्या, काहींच्या बायकामुलांना आपले नाव यादीत आहे हेच ठाऊक नव्हते. अशा न घेतलेल्या रकमा लिक्विडेटर सरकारी खात्यात भरतो, आणि पुढे हक्क सिद्ध करून त्या मागाव्या लागतात. आम्ही गेली काही वर्षे ही माणसे शोधीत आहोत. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या पुतण्याकडून एका विधवा वहिनींचा पत्ता लागला. कागद घेऊन गेलो तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढे पैसे त्यांचे होते, तर ते असताना का नाही दिले?" आम्ही त्यांना अर्ज भरून दिला.

अजून सदतीस नावे उरली आहेत. चालकांच्या परवानगीने ती यादी आम्ही बाहेर, पुस्तकांच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. नाव, खाते आणि शेवटचा ठाऊक असलेला पत्ता एवढे तीवर आहे. बरेचसे लोक कोरेगाव आणि वाई बाजूचे होते. जाताना एकवार नजर टाकावी, आणि एखादे नाव ओळखीचे निघाले तर आम्हांस सांगावे. सभा संपल्यावर आम्ही तेथेच उभे आहोत.